तुझा मोगली खोटा, आत्याकडचा खरा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. मुलगी दुसरीत आहे. विषय तसा क्षुल्लक, पण त्यावरून घरात अबोला धरला गेलाय म्हणून लिहिते.

माझ्या लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकींच्या व्हरांड्यात आम्ही सगळी पोरं दाटीवाटीने बसून बघायचो. तो मोगली मी लेकीसाठी शोधून ठेवला होता. हल्ली डिस्ने आपल्याच जुन्या कार्टूनचे खऱ्या माणसांचे, खऱ्यासारख्या प्राण्यांचे नवे सिनेमे काढते ना, त्यांच्यासाठी नियम एकच केला होता, आधी जुना बघायचा, मग नवा. सिंहाचं असो, जलपरीचं असो, सगळ्याला हाच नियम. माझी नणंद म्हापशाला असते. तिची मुलं असले सगळे नवे सिनेमे बघतात. गेल्या महिन्यात मुलगी आत्याकडे राहायला गेली आणि तिथे तिने २०१६ चा, खऱ्या मुलाचा मोगली पाहिला. घरी येऊन म्हणाली, “आई, तुझा मोगली खोटा, चित्रातला. आत्याकडचा खरा.” मी हौसेने जुना लावून दिला, तर दहा मिनिटांत जांभई आणि “हा कधी संपणार गो आई?” माझं डोकंच फिरलं. टीव्ही बंद केला आणि सांगून टाकलं, यापुढे असले नवे सिनेमे या घरात बंद.

नणंद म्हणते, “वहिनी, तुम्ही पोरीवर स्वतःचं लहानपण लादताय.” नवरा म्हणतो, दोन्ही दाखव आणि मोकळी हो. आता मे महिन्याच्या सुट्टीत असाच एक नवा सिनेमा येतोय. नणंदेने पणजीला सगळ्यांनी मिळून जायचं ठरवलंय. जावं का? आणि मुळात हे सिनेमे बघण्याच्या लायकीचे असतात का, की नुसता आपला खिसा कापायचा धंदा?

एक आई, फोंडा

नमस्कार.

बंदी आजच उठवा. कामावरून घरी गेलात की चहाच्या आधी. या सिनेमांबद्दल तुमचा संशय बऱ्याच अंशी रास्त आहे, त्याबद्दल पुढे बोलूच. पण त्याची शिक्षा दुसरीतल्या पोरीने का भोगायची? केस कपाळाला चिकटलेला, गुडघे खरचटलेला, धापा टाकणारा एक मुलगा तिने पडद्यावर पाहिला आणि त्याला ती खरा म्हणाली. दिसलं ते सांगितलं. काकींच्या व्हरांड्यातल्या सकाळी तिला ठाऊकच नाहीत, तर ती त्यांचा अपमान कुठून करणार?

शिवाय ज्याला तुम्ही ‘जुना’ म्हणताय त्याची जरा वंशावळ बघा. मोगलीचा लेखक किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली. मोगलीच्या गोष्टी त्याने लिहिल्या अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत बसून, आणि पुस्तक आलं १८९४ मध्ये. गोष्टीतलं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. १९८९ मध्ये जपान्यांनी त्याची कार्टून मालिका केली. तीच हिंदीचा साज चढवून, गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल घेऊन १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली आणि तिथून फोंड्याच्या व्हरांड्यात. इतक्या हातांतून फिरत आलेल्या मोगलीला तुम्ही मूळचा म्हणताय, आणि तो तुमच्यापुरता मूळचा आहेही. मग लेकीला आत्याकडे भेटलेला तिच्यापुरता मूळचा का नसावा?

पुस्तक उघडलंत तर आणखी चक्रावाल. पुस्तकातला ‘का’ हा अजगर मोगलीचा मित्र आहे, गुरू आहे. माकडं मोगलीला पळवून नेतात तेव्हा त्याला सोडवायला काळा बिबट्या बगीरा आणि अस्वल बाळू यांच्याबरोबर तो जातो, माकडांची गाळण उडते ती त्याला बघून. डिस्नेने १९६७ च्या कार्टूनमध्ये त्याला मुलाला गिळायला टपलेला लबाड करून टाकलं आणि डिस्नेच्या २०१६ च्या सिनेमातही अजगर तसाच राहिला. शेरखानचं बघा. पुस्तकात मोगली म्हशींचा कळप दोन भागांत वाटतो, घळीच्या दोन्ही तोंडांनी आत घालतो आणि मधे सापडलेला वाघ खुरांखाली चिरडला जातो. मग हा पोरगा बसून त्याचं कातडं सोलतो! १९६७ मध्ये शेपटीला पेटती फांदी बांधल्यावर वाघ नुसता पळून जातो, २०१६ मध्ये आगीत पडतो. १९६७ चा मोगली पाणी भरायला आलेल्या एका मुलीच्या मागून गावात निघून जातो, २०१६ चा जंगलातच राहतो. हा शेवटचा बदल मला फार आवडला. जुन्या सिनेमाने इतका वेळ जंगलाची गोडी लावायची आणि शेवटी एक डोळा मिचकावून पोराला माणसांत पाठवून द्यायचं, हे मला लहानपणीही पटलं नव्हतं.

एक गंमत सांगते. दूरदर्शनच्या मालिकेत शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. २०१६ चा सिनेमा हिंदीत आला तेव्हा शेरखान पुन्हा नानांनीच केला. लेकीने आत्याकडे हिंदीत पाहिला असेल, तर ज्या आवाजाने तुमची गाळण उडायची त्याच आवाजाने तिचीही उडाली असणार. तिला विचारा, वाघ कसा बोलत होता ते. करून दाखवायला लावा. मग तुम्ही करून दाखवा.

आता तुमचा खरा प्रश्न. एकदा सांगून झालेली, सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट माणसं उभी करून पुन्हा सांगण्यात काही अर्थ आहे का? हा प्रश्न गोव्यातल्या माणसाने विचारावा याची मला मौज वाटते. आपल्याकडे पेडण्याला, बार्देशात जत्रेला दशावतार येतो. आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं, लहान पोरांनासुद्धा. शेवटी राक्षस मरणार आहे हेही ठाऊक असतं. लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा आधी ठरवून घ्यायचा आणि संवाद तिथल्या तिथे रचायचे. लोक रात्र रात्र बसतात ते पुढे काय होणार म्हणून नव्हे. राजा आज कोण करतोय, स्त्रीपार्टी कसा आहे, या पेचातून तो शब्दांनी कसा सुटतो, हे बघायला बसतात. माझ्या भाचीने दशावतारातल्या संकासुर राक्षसाचे फोटो मोबाइलवर पाहिले होते आणि “हा तर जोकर” म्हणून खिदळली होती. जत्रेत पायपेटी आणि पखवाज सुरू झाला, नखशिखान्त काळा संकासुर पडद्याआडून उडी मारून आला, आणि ही माझ्या पदरात शिरली ती त्याचा वध होईपर्यंत बाहेर यायला तयार नाही. पुढच्या वर्षी मात्र हट्ट, “पुढच्या रांगेत बसायचं.” फोटोतला आणि समोरचा, दोघं एकच. समोरच्याला घाम येत होता आणि तो हिच्याकडे बघून बोलत होता, एवढाच फरक.

तेव्हा रीमेक म्हटला की नाक मुरडायचं, हे मला मान्य नाही. इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत कॉफीचे कप हातात धरून ‘कल्पनाशक्ती आटली की रीमेक’ असं म्हणणारे बरेच भेटतात, त्यांना खुशाल म्हणू द्या. मी एवढंच बघते, की पुन्हा सांगायला बसलेल्या माणसाला त्या गोष्टीत स्वतःचं काही करायचंय का. करायचं असेल तर दहाव्यांदा सांगा. या कसोटीला मात्र डिस्नेचे बरेच सिनेमे उतरत नाहीत, आणि इथे मी तुमच्या बाजूची.

सिंहाचा घ्या. १९९४ चा ‘लायन किंग’ हाताने रेखाटलेला. बाप मरून पडलाय आणि छावा त्याला उठवायला बघतोय तो प्रसंग आठवा. चित्रकाराने छाव्याला भुवया दिल्या आहेत, त्या वर चढतात, कपाळावर आठी येते, कान पडतात, खालचा ओठ थरथरतो. मग तो बापाच्या पंजाखाली स्वतःहून शिरून झोपतो. खरा सिंह असं काही करत नाही, आणि म्हणूनच ते चित्र होतं. २०१९ मध्ये तोच प्रसंग जवळजवळ तसाच्या तसा पुन्हा केला, पण खऱ्यासारख्या दिसणाऱ्या सिंहांचा. आयाळीचा केस न् केस वेगळा दिसतो, धूळ उडते ती खरीच वाटते. फक्त चेहरा हलत नाही. खऱ्या सिंहाला भुवया उडवता येत नाहीत ना! आवाज रडतोय, तोंड नुसतं उघडतंय आणि मिटतंय, डोळे काचेचे. हिंदीत शाहरुख खान आणि त्याचा मुलगा आर्यन यांनी बाप-लेकाचे आवाज दिले होते, तेवढ्यापुरती ओल आली. बाकी मला जंगलातल्या प्राण्यांच्या माहितीपटावर कोणी संवाद चिकटवल्यासारखं वाटलं. आणि ‘खरा, खरा’ म्हणतात त्या सिनेमात एकही सिंह नाही, गवताची काडीसुद्धा नाही. सुरुवातीच्या सूर्योदयाचं एक दृश्य सोडलं तर सगळं संगणकावर केलेलं. हे लेकीला जरूर सांगा. तुमचा चित्रातला आणि तिचा ‘खरा’, दोन्ही कोणीतरी बसून काढलेली चित्रंच आहेत. तिला धक्का बसेल, मग ती दहा प्रश्न विचारेल.

तिच्या मोगलीचंही तसंच आहे. २०१६ चा तो सिनेमा लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत घेतला. झाडं, वेली, नदी, वाघ, अस्वल, बहुतेक सगळं नंतर संगणकावर भरलं. पण मध्ये एक खरा मुलगा आहे, तो खराच पळतो, पडतो, भिजतो. सगळा फरक त्याने पडला. दिग्दर्शक दोन्हीकडे एकच, जॉन फॅव्हरो. एकदा जमलं, एकदा नाही.

राग यावा असं म्हणाल तर मला ‘मुलान’चा आला. १९९८ च्या कार्टूनमधली मुलगी बाकीच्यांसारखीच धडपडते. खांबावर चढायचं असतं, हाताला जड वजनं बांधलेली, एकालाही जमत नाही. ती विचार करते, त्या वजनांचाच उपयोग करून वर चढते आणि पहाटे टोकावर जाऊन बसते. २०२० च्या सिनेमात तिला लहानपणापासूनच अंगात अद्भुत शक्ती आहे. आता दुसरीतल्या मुलीने यातून काय घ्यायचं? अंगात शक्ती असेल तर असेल, नसेल तर बस घरी! वर गाणीही काढून टाकली आणि तो छोटा बडबड्या ड्रॅगनही. बदल केले, पण मुलांचं काढून मोठ्यांना खूश करायला केले.

याच्या उलट २०१५ ची ‘सिंड्रेला’. ती आणि राजपुत्र नाचाच्या आधीच जंगलात भेटतात, तो शिकारीला निघालेला, आणि एकमेकांना ओळखत नसताना हरणाच्या जिवावरून दोन शब्द बोलतात. बदल एवढासा, पण जुन्या गोष्टीत जे मला कायम खटकायचं, की नुसतं नाचून लग्न कसं ठरतं, ते मिटलं. असं काही केलेलं दिसलं की तिकिटाचे पैसे वसूल.

आपल्या मराठीतही हे होत आलंय. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुमीत राघवनने दूरदर्शनवर केला होता. मग २०१७ मध्ये अमेय वाघचा सिनेमा आला, त्यात फेणे थेट वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वयाचा. माझ्या पिढीतल्या अनेकांनी ‘हा आमचा फेणे नव्हे’ म्हणून हाय खाल्ली. मला तो आवडला, कारण पुण्यात नवखा आलेला किडकिडीत पोरगा दुसऱ्याच्या लफड्यात स्वतःहून नाक खुपसतो, हे त्यांनी सोडलं नव्हतं. खुद्द भागवतांनाही पात्र म्हणून आणलं आणि ते दिलीप प्रभावळकरांनी केलं. ‘चिंटू’चा २०१२ चा सिनेमा मला बेताचाच वाटला. त्या चार चौकटींतली मजा चौकटीतच होती. ‘श्यामची आई’ १९५३ मध्ये अत्र्यांनी केला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, म्हणून पुढच्यांनी हात लावू नये असं काही ठरलं नव्हतं. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी लावला, तोही कृष्णधवल. रंगांची सवय झालेल्या मुलांना ते कितपत झेपतं याची मला शंका आहे, पण धाडस आहे हे कबूल.

धंद्याचं म्हणाल तर हो, धंदा आहे. २०१९ च्या ‘लायन किंग’ने जगभरात दीडशे कोटी डॉलरहून जास्त गल्ला गोळा केला. इतके पैसे मिळत असताना कोण थांबेल? ओळखीचं नाव असलं की जाहिरातीचं अर्धं काम आपोआप होतं. पण यात एक मेख आहे. तुमच्या लेकीला १९९४ शी काही देणंघेणं नाही, तिला कुठलाही सिंह चालेल. त्या जुन्या नावाला भुलणारी, पाकीट घेऊन येणारी गिऱ्हाइकं म्हणजे तुम्ही-आम्ही. त्यांना तुमचा काकींचा व्हरांडा विकायचाय, तोही तुम्हालाच. सिनेमागृहात बसल्यावर जो राग येतो तो बऱ्याचदा याचा असतो, आणि आपण तो शेजारी बसलेल्या पोरावर काढतो. “मागच्यात हे गाणं किती छान होतं,” “हा अल्लादीनचा जिनी कसा वेडगळ दिसतोय,” असं चालूच.

म्हणून मेच्या सुट्टीत जा. नणंदेने ठरवलंय तर बरंच झालं. ती तुम्हाला बोलली ते जरा टोचून बोलली, पण खोटं बोलली नाही. सिनेमा चालू असताना जुन्याचं नाव काढू नका. परतताना गाडीत मुलं बोलतील तेवढंच ऐका, निदान बाणस्तारीचा पूल येईपर्यंत. मग विचारा, तुला कोण आवडलं? कोण उगाच होतं? मुलं फार स्पष्ट सांगतात. माझी भाची एका गाजलेल्या सिनेमाबद्दल म्हणाली होती, “सगळे फक्त चालतायत.” मी त्यावर लेख लिहिला असता तर चार पानं खर्ची पडली असती.

जुना मोगली पुन्हा लावायची घाई नको. तो संथ आहे, कबूल करा. आपल्याला आठवडाभर वाट पाहून एक भाग मिळायचा म्हणून त्याची चव होती. तिच्यापुढे सगळे भाग एकदम वाढून ठेवलेत. त्याऐवजी रात्री दिवा मालवून तोंडी सांगा, पुस्तकातली. म्हशींची गोष्ट सांगा, डिस्नेच्या दोन्ही सिनेमांत शेरखान असा मरत नाही. ती ताडकन उठून बसेल, “असं नव्हतं!” म्हणेल. भांडू द्या. ‘का’ चांगला होता म्हणालात तर अजिबात विश्वास ठेवणार नाही. मग पणजीला सिनेमाला जाल त्या दिवशी पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात थोडं आधी पोचा, तिथे मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मोगलीचं पुस्तक मिळतं का ते तिलाच विचारू द्या. नाही मिळालं तर दुसरं काही घेऊन बसेल, त्यात बिघडलं काही नाही.

तुमचा नियम मात्र कायमचा काढून टाका. आधी जुना मग नवा, हा क्रम परीक्षेच्या अभ्यासाला ठीक. आधी नवा पाहिला आणि तीन-चार वर्षांनी जुना सापडला, तर तो तिचा शोध असेल, तुमचा धडा नव्हे. आणि कधीच नाही सापडला तर? तर नाही. तुमच्या आईला आवडलेली किती गाणी तुम्ही स्वतःहून ऐकता, ते एकदा मोजा.

नणंदेला फोन आजच करा. तिकिटं ती काढतेय तर मध्यंतरातलं खाणं तुमच्याकडे, असं सांगून टाका, म्हणजे तिचंही तोंड गोड राहील. आणि एक व्यवहाराची गोष्ट. हे नवे सिनेमे लांबलचक असतात. जलपरीचा १९८९ चा सिनेमा ८३ मिनिटांत आटोपला होता, २०२३ चा सव्वादोन तासांचा. सातव्या वर्षी एवढा दम नसतो. रांगेच्या कडेच्या खुर्च्या मागून घ्या, आणि कोकम सरबत मध्यंतराआधी नको.